क्योटोच्या ओसेनला देवळीचं कुंकू

देवळीत रिकामी पांढरी भिंत मिळणं किती कठीण आहे, हे शोधायला निघाल्याशिवाय कळत नाही. जरा कुठे भिंत मोकळी दिसली की कोणीतरी तिच्यावर कपाशीच्या बियाण्याची जाहिरात रंगवून जातं, नाहीतर कोचिंग क्लासवाला स्वतःचा फोटो चिकटवतो. उरलेल्या भिंतींवर भाऊंचे वाढदिवस असतात. अख्ख्या गावात एकच भिंत धड होती. हिरालालशेठच्या कापडदुकानावर एक लांबलचक हॉल आहे, पूर्वी तिथे कापडाच्या गाठी ठेवत. त्याच्या टोकाची ती भिंत, चुना मारलेली, स्वच्छ. दर रविवारी दुपारी खिडक्यांवर काळं अस्तर लावून आम्ही त्या भिंतीवर सिनेमा पाहायचो.

आम्ही म्हणजे तिघं. मी इला. शाळेत चित्रकला शिकवते आणि लवकर चिडते. दुसरी कांता, माझी लहानपणापासूनची मैत्रीण, कॉलेजच्या ऑफिसात कारकून. प्रोजेक्टर तिचा, आणि सिनेमाचं वेडही मूळ तिचंच. तिसरे वासुदेवराव, गुरांचे निवृत्त डॉक्टर. ते सुरुवातीची नावं संपायच्या आत झोपतात, शेवटी जागे होतात आणि "फोटोग्राफी उत्तम" म्हणून घरी जातात.

संक्रांत झाली आणि हिरालालशेठने बॉम्ब टाकला.

"मॅडम, तीन माणसाईसाठी हॉल अडवून ठेवून राह्यलो मी. लोकं हसते मले. आता याचा पार्टी हॉल करतो. भिंत सोनेरी, वर हॅपी बर्थडेची लायटिंग, अन् कोपऱ्यात डीजे."

"सोनेरी?" मी एवढ्या जोरात ओरडले की खाली दुकानात कोणाच्या तरी हातून ठाण पडलं. "शेठ, त्या भिंतीवर आमी जग पाह्यतो!"

"पाहा न. पण हॉल भरून पाहा. पुढच्या रविवारी भरला तं बोलू. नाईतं सोमवारी निकेश पेंटर येते."

"भरून दाखवते," मी म्हणाले. माझं हे असंच आहे, आधी बोलते आणि मग घरी जाऊन कपाळाला हात लावते.

कांताने मात्र आरडाओरडा केला नाही. ती प्रोजेक्टर पुसत होती. एवढंच म्हणाली, "इला, रविवार गेला तं मी सोमवारपर्यंत पोचत नाई वं." तिचा नवरा गेल्यापासून तिच्या घरी रविवार फार लांब असतो, हे मला ठाऊक होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. कांताच्या हातून तो हॉल जाऊ द्यायचा नाही, हे मी ठरवूनच टाकलं.

उपाय दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना सुचला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या देवळीतली बाई एक वेळ सख्ख्या भाचीचं लग्न चुकवेल, पण वाण मिळणारं हळदीकुंकू चुकवणार नाही. मी तशीच हिरालालशेठच्या बायकोकडे, शकुंतलाबाईंकडे गेले. शकुंतलाबाईंच्या शब्दावर अर्धा बाजार चालतो आणि उरलेला अर्धा घाबरून चालतो. त्या लगेच तयार झाल्या. "आपल्या हॉलमंदी? करू न! वाण मी देतो. दुकानात टॉवेल पडूनच हायेत." मी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं: रविवारी दुपारी हळदीकुंकू, तिळगूळ, वाण आणि एक कौटुंबिक जपानी चित्रपट.

कांताने तो निरोप वाचला आणि मला फोन केला. "कौटुंबिक? इला, या रविवारी आपण गेशांचा सिनेमा ठरवला हाये. त्यात एकाबी बाईले नवरा नाई! तू हळदीकुंकवाले हा लावशीन?"

"घर हाये न त्याच्यात? बाया हायेत न? एकमेकीशी भांडते न? मंग कौटुंबिकच झाला."

ती खूप हसली. मग हसणं ओसरल्यावर सहज म्हणाली, "बरं हाये. मी आपली मागं प्रोजेक्टरपाशी बसतो. हाताले काम राह्यते."

फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कांताला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. कित्येक वर्षांत आलेलं नाही. आणि तिचा हॉल वाचवायला मी नेमकं तेच काढलं होतं! मी स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या. पण निरोप गेला होता आणि बायकांचे अंगठे वर धडाधड येत होते.

रविवारी हॉलच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, इतक्या चपला. काठापदराच्या साड्या, गजरे, नथी, कडेवरची पोरं, अत्तराचा आणि तिळाचा एकत्र वास. हिरालालशेठ जिन्याच्या तोंडाशी उभे होते, आणि प्रत्येक बाई वर गेली की त्यांचा चेहरा आणखी थोडा उतरत होता. वासुदेवराव नेहमीच्या वेळेला नेहमीच्या खुर्चीत येऊन बसले, आणि आजूबाजूला पाहीपर्यंत त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं गेलं, हातात टॉवेलही आला. त्यांनी तो नीट घडी करून मांडीवर ठेवला.

सिनेमा जुना, काळापांढरा. बोलणं जपानी आणि खाली भरभर पळणारी इंग्रजी अक्षरं. म्हणून मी माईक घेऊन भिंतीशेजारी उभी राहिले. जपानात मुक्या सिनेमांच्या काळी पडद्याजवळ उभं राहून गोष्ट सांगणारा एक माणूस असायचा. लोक म्हणे नटापेक्षा त्याचं नाव पाहून तिकीट काढत. हे कांतानेच मला सांगितलेलं. मला माईक मिळाला की काय होतं ते माझ्या शाळेला विचारा.

"हे क्योटो शहर," मी सुरुवात केली. "ही ओसेन. वय झालेली गेशा. अन् ही पोट्टी किनु, हिले ओसेन शिकवते."

"शिकवते म्हंजे काय शिकवते? या बाया करते काय, मॅडम?" पुढच्या रांगेतून प्रश्न आला.

मला घाम फुटला. कौटुंबिक म्हणून बोलावलं होतं मी. पण खोटं सांगणं जमेना. "गाते, नाचते, ती लांब दांड्याची तीन तारांची सतार वाजवते. पाहुणे आले का त्याईच्या पेल्यात ओतते. अन् श्रीमंत माणसाईच्या कंटाळवाण्या गोष्टी आयकून हसते."

"शेवटचं तं आमीबी करतो," शकुंतलाबाई म्हणाल्या. सगळा हॉल हसला, आणि जिन्यातले हिरालालशेठ एक पायरी खाली उतरले.

तिथून मग कोणी थांबायला तयार नाही. ओसेनच्या कमरेचा रुंद पट्टा मागे बांधताना दिसला तसा एकच गलका. "पाठीले गादी बांधली काय वं?" "वर्धेच्या बसमंदी टेकून बसता येत असंन का हिले?" ओसेन लाकडाच्या उशीवर मान ठेवून झोपली, केस विसकटू नयेत म्हणून, तर मागच्या रांगेतली एक म्हातारी कळवळून म्हणाली, "मान धरंन बाई, कापसाची घे." मग एक तेलाचा व्यापारी आला, गलेलठ्ठ, ओसेनचा पाहुणा. किनु त्याच्यासमोर पेला धरून बसलीये आणि तो स्वतःच्याच धंद्याच्या गोष्टी सांगतोय, सांगतोय, संपतच नाही. बायकांच्या माना हळूहळू जिन्याकडे वळू लागल्या. हिरालालशेठ आणखी एक पायरी उतरले.

मी म्हणत होते ते त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. काही वेळाने माझ्या माईकची गरजच राहिली नाही. किनुचं एका गरीब शिंप्यावर मन बसलं, हे मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं. "मले पह्यलेच वाटलं होतं, कशी पाह्यते पाहा त्याच्याकडं!" व्यापाऱ्याला किनु हवी झाली. तेव्हा ओसेन मधे पडली. पोरीला सोड, तुझ्या बैठकीला यापुढे मी बसेन, म्हणाली. ज्याचा तिला वीट आला होता, त्याच माणसाच्या. किनु शिंप्यामागे आगगाडीत बसून गेली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कोणीतरी गाडीकडे तिळगूळही फेकला.

आणि मग शेवट आला.

ओसेन आरशासमोर बसलेली. संध्याकाळच्या बैठकीची तयारी. तोंडाला पांढरा रंग लावून झाला. पण मानेवर, मागच्या बाजूला, स्वतःचा हात पोचत नाही. तिथे नेहमी किनु लावायची. ओसेन कुंचला घेऊन हात मागे नेते. नाही जमत. पुन्हा नेते. मग कुंचला खाली ठेवते आणि आरशात नुसती पाहत राहते, म्हणजे थेट आमच्याकडेच.

रडणारं एक पोरगंही थांबलं.

"अवं, कोणीतरी लावा न तिले!" शकुंतलाबाई मोठ्याने म्हणाल्या, आणि उठल्या. एका हातात हळदीकुंकवाचा करंडा, दुसऱ्या हाताने पदर खोचत त्या भिंतीकडे चालू लागल्या. प्रोजेक्टरच्या उजेडात शिरल्या तशी ओसेन त्यांच्या हिरव्या साडीच्या पाठीवर दिसू लागली. मागे कांताने काय ओळखलं देव जाणे, तिने नेमका तिथेच सिनेमा थांबवला. ओसेनचा चेहरा भिंतीवर स्थिर झाला, केवढा तरी मोठा.

"स्टूल आणा," शकुंतलाबाईंनी हुकूम सोडला. दोघींनी स्टूल धरलं. त्या चढल्या.

"पण तिले नवरा कुठी हाये?" कोणीतरी बारीक आवाजात विचारलं. "तिले कुंकू चालते का?"

शकुंतलाबाई स्टुलावरूनच वळल्या. "समद्या सिनेमात ती दुसऱ्याईले सजवत राह्यली. अन् तिच्या मानेले हात लावाले कोणी नाई. मले नको शिकवू."

गुलाबपाण्यात बोट बुडवून त्यांनी ओसेनच्या कपाळावर आधी हळद लावली, मग कुंकू. चुन्याच्या भिंतीने ते ओलं कुंकू असं पिऊन घेतलं की बस. मग काय, रांगच लागली. एक उतरली की दुसरी चढायची. कोणी बोट बुडवलं, कोणी तीन बोटं. सगळ्यांचं झालं तेव्हा भिंतीवर तळहाताएवढा लालभडक ठसा होता.

कांताने सिनेमा पुढे चालू केला. आता ओसेनने मान वळवली, पण कुंकू जागेवरच राहिलं. ते आधी आरशावर गेलं, मग कागदी कंदिलावर, आणि शेवटी बैठकीत बसलेल्या त्या व्यापाऱ्याच्या बरोब्बर नाकावर. बायका एकमेकींच्या अंगावर कोसळून हसल्या. मी माईकमध्ये हसले, त्यामुळे खाली रस्त्यावरसुद्धा ऐकू गेलं. त्या गोंधळाने वासुदेवरावांना जाग आली. त्यांनी चष्मा लावला, भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "रंगीत केव्हा झाला?"

मग राहिलेलं हळदीकुंकू झालं. शकुंतलाबाई एकेकीला लावत मागे आल्या, प्रोजेक्टरपर्यंत. कांताच्या हातावर तिळगूळ ठेवला, टॉवेल दिला. बोट करंड्यात गेलं होतं. ते तिथेच क्षणभर थांबलं, आणि शकुंतलाबाई पुढे गेल्या. मी पाहत होते. कांताने हसून तिळगूळ तोंडात टाकला आणि वायर गुंडाळायला घेतली. गुंडाळलेली वायर सोडून तिने पुन्हा गुंडाळली. मला इतका राग आला की माझ्या हातातला लाडू चुरला गेला. पण तो शकुंतलाबाईंचा होता की माझा स्वतःचा, ते मला सांगता येणार नाही.

जाताना मी शेठना गाठलं. "भरला न हॉल?"

"भरला," ते म्हणाले. "पण बाया वाणासाठी आल्या, मॅडम. दर रविवारी काय मी टॉवेल वाटू? रंग आणून ठेवला हाये. उद्या निकेश येते."

सोमवारी शाळा सुटल्यावर मी आणि कांता खुर्च्या आणि अस्तरं उचलायला गेलो. दोघींना बोलवत नव्हतं. वर हॉलमध्ये निकेश पेंटर बादली आणि घासणी घेऊन भिंतीसमोर उभा होता. नुसता उभा. शेजारी सोनेरी रंगाचे डबे, आणि तापलेले हिरालालशेठ.

"सकाळपासून हा पुतळा झाला हाये!" त्यांनी आमच्याकडेच तक्रार केली.

"शेठ, लाल डाग हाये, घासल्याबिगर वर रंग बसत नाई," निकेश म्हणाला. "अन् हे कुंकू हाये. बाईच्या कपाळावर लावलेलं. मी नाई पुसत. मले घरी बायको हाये."

"अरे, बाई कुठी हाये आता? भिंत हाये ती!"

"काल होती न."

शेठनी दुकानातल्या कामवाल्या बायकांना हाक मारली. त्या जिन्यावरून कुंकू पाहून तशाच परत पळाल्या. मग शकुंतलाबाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, शेठच्या हातातलं ओलं फडकं पाहिलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"अजी, माह्या हातानं पुसू? मी रोज कुंकू कोणासाठी लावतो, ठावं हाये न तुमाले?"

शेठचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला. "मंग मी पुसतो."

"तुमी? बायकोच्या हातचं कुंकू नवरा पुसंन? पुसा बरं! पुसाच!"

त्यांनी फडकं विंचू असल्यासारखं टाकलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी असल्या गोष्टी मानत नाही, वर्गात तसं ठणकावून सांगतेही. तरी माझे दोन्ही हात पाठीमागे गेले. मला हसू फुटत होतं. वाटलं, जिंकलो आपण!

तेवढ्यात शेठची नजर माझ्यावरून सरकली आणि कांतावर जाऊन थांबली.

"कांताताई," ते चाचरले. "तुमी... म्हंजे तुमाले तं आता... काही..." पुढचं बोलायची गरज नव्हती. निकेशने मान खाली घातली. माझं हसू पळालं.

कांता पुढे झाली. खाली वाकून तिने फडकं उचललं, पिळलं आणि भिंतीजवळ गेली. मी "कांता!" म्हणाले, तिने मागे पाहिलं नाही. त्या लाल ठशासमोर ती उभी राहिली. मग वळली.

"माहं पुसलं, तवा मले कोणी इचारलं नाई, शेठ. मी नको नको म्हणत होतो. बायाईनं धरून ठेवलं अन् पुसलं." तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. "हिचं मी नाई पुसणार."

आणि तिने फडक्याची घडी करून ती बादलीच्या काठावर ठेवली.

शकुंतलाबाईंनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू कालचं ते बोट अजून तिथेच थांबलेलं होतं. मग त्या तरातरा कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेल्या, करंडा काढला आणि कांतासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काल माहा हात मागं गेला वं, कांता. त्या जपानच्या बाईसाठी स्टूल मागितलं मी, अन् तू तं समोर बसली होती." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या स्वतःवरच रागावलेल्या होत्या. "लावू का? तू सांग. लावू?"

विचारलं होतं तिला. कांताने मान हलवली. हो म्हणून.

शकुंतलाबाईंनी हळद लावली, कुंकू लावलं. चिमूट जरा मोठी झाल्याने कुंकू कांताच्या नाकावर सांडलं. कांताने डोळे तिरपे करून नाकाकडे पाहिलं, आणि तिला तो तेलाचा व्यापारी आठवला असावा. ती हसायला लागली. मग मी. मग शकुंतलाबाई. आम्ही तिघी त्या सोनेरी रंगाच्या डब्यांना धरून हसलो, रडलो, पुन्हा हसलो. निकेशही हसला, का ते त्याला माहीत नव्हतं.

हिरालालशेठ एका डब्यावर बसले. "निकेश," ते म्हणाले, "हा रंग खाली शटरले मार." मग जरा वेळाने, भिंतीकडे न पाहता, "पुढच्या रविवारी कोणता हाये, कांताताई?"

आता हॉल भरतो. टॉवेलाशिवायही भरतो. ठसा तसाच आहे, त्यामुळे आमच्या प्रत्येक सिनेमात कुठे ना कुठे कुंकू असतं. कधी चंद्रावर, कधी घोड्याच्या पोटावर. एकदा तर एका सामुराईच्या तलवारीच्या टोकावर आलं आणि सगळ्या किंचाळल्या. वासुदेवराव आता म्हणतात, "रंगसंगती उत्तम."

ओसेनचा सिनेमा मात्र बायका पुन्हा पुन्हा लावायला लावतात. शेवटी ती आरशासमोर बसते, कुंचला खाली ठेवते, आमच्याकडे पाहते, आणि तो ठसा नेमका तिच्या कपाळावर येतो. "आली वं जागेवर!" पुढची रांग ओरडते. कांता तिथे सिनेमा थांबवते. करंडा मागच्या रांगेकडून निघतो, प्रोजेक्टरपासून. कांताच्या हातात तेव्हा वायर नसते. ती कपाळ पुढे करून बसलेली असते.